तुम्ही ‘न्हाई’ म्हणालात तेव्हा

अप्पा, तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, तरी एका गोष्टीचा संशय माझ्या मनातून जात नाही. कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर असताना मी आपल्या गावी, जवळा बाजारला घरी आले. पेशंटजवळ उभं राहून शिकायच्या वर्षात आम्ही मोबाईलवर शिकत होतो. आठवडी बाजार बंद, त्यामुळे तुमचं बांगड्यांचं दुकानही लागत नव्हतं. दारात बसून तुम्ही माझा तास ऐकायचात आणि म्हणायचात, “मोबाईलात बघून पोहणं शिकल्यावानी हाय हे, बाई. हिरीत कोन उतरंल?” मला राग यायचा, कारण मलाही तेच वाटत होतं.

एक दिवस सरांनी सांगितलं, घरातल्या कुणाचं तरी पोट तपासून दाखवा. मी आईला हाक मारली, तर “मीच पेशंट व्हतो,” म्हणत तुम्हीच सदरा वर करून खाटेवर आडवे झालात. मोबाईल खिडकीत उभा केलाय, सर पलीकडून बघतायत. मी उजव्या बरगडीखाली बोटं दाबते. “श्वास घ्या, अप्पा.” तुम्ही घेता आणि तो मधेच अडकतो. “दुखलं?” “न्हाई. कायबी न्हाई.” सर म्हणाले, “नॉर्मल आहे, पुढे चला.” मी पुन्हा दाबलं. श्वास पुन्हा तिथंच अडकला. तुमच्या शब्दावर माझा विश्वास बसेना, सरांच्या नजरेवरही. दवाखान्यात चला म्हणून मी मागे लागले. “दवाखान्यात गेलो तर तिथंच आजार चिकटंल,” म्हणत तुम्ही अडून बसलात. आई रडायला लागली तेव्हा कुठं हिंगोलीला आलात. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सूजही होती. ऑपरेशन झालं, तुम्ही बरे होऊन घरी आलात.

मग आई बोलून गेली, “दिवाळीपासून चोरून ओवा खाऊन राहिले हे. पोरीला सांगू नको म्हणले.” मी तुम्हाला गाठलं. “ठाऊक होतं, तर न्हाई काहून म्हणलात?” तुम्ही बांगड्यांवरची धूळ पुसत होतात. वर न बघता म्हणालात, “तुला सापडलं न्हाई का?” बस, एवढंच. दुखणं लपवत होतात, की मला जोखत होतात? “मीच पेशंट व्हतो” म्हणून पुढं आलात, ते काय उगीच? आज वॉर्डात कुणी “नाही दुखत” म्हणालं की मी त्याचा श्वास बघते. काहींना राग येतो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही आणखी जगला असतात तरी मी पुन्हा विचारलं नसतं. नुसतं लपवत होतो, असं तुम्ही म्हणाला असतात तर?