मेयरची शेवटची निवडणूक आणि तुम्ही

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या अमेरिकन गावच्या मेयरचा विषय निघाला की माझं डोकं अजून फिरतं. वीस वर्षं तो खुर्चीला चिकटून आणि तुम्ही त्याला! रस्त्यात पाणी तुंबलं की बाकीचे लोक टाऊन हॉलला फोन करायचे. तुम्ही इंजिनिअर, रविवार घालवून नाल्याचा नकाशा काढायचात आणि स्वतः नेऊन द्यायचात. नाला व्हायचा, पेपरात फोटो मेयरचा. "अहो, तुमचं नाव कुठाय यात?" आई विचारायची. "काम झालं ना?" की विषय संपला.

गणपतीत तर कहर. लिव्हिंग रूममध्ये सगळे काका-काकू हात जोडून उभे, आणि तुम्ही खिडकीशी, मेयरच्या गाडीची वाट बघताय. "देव थांबेल हो, माझे मोदक थांबणार नाहीत," आई करवादते. तासाभराने तो येतो, बुटांसकट थेट गणपतीपुढे, तुमची पाठ थोपटत "कसं काय, डॉक?" म्हणतो. तुम्ही डॉक्टर नव्हतात, बाबा! एकदा तरी सांगायचंत.

दर निवडणुकीला नोव्हेंबरच्या थंडीत दारोदार त्याची पत्रकं वाटायचात. आणि स्वतःला मतदानाचा हक्क? नाही! "पुढच्या वर्षी मायदेशी परत जायचंच आहे, इथली सिटिझनशिप कशाला?" हे पुढचं वर्ष माझ्या जन्मापासून ऐकत होते. मेयरला वाटायचं, डॉकचं मत पक्कं. तुम्हाला मतच नाही, हे तुम्ही त्यालाही कधी सांगितलं नाहीत.

मग ऐंशीच्या दशकातली ती निवडणूक. पहिल्यांदाच त्याचं आसन डळमळलेलं, आणि मी जन्माने इथली नागरिक, मला नुकतं अठरावं संपलेलं. "आपल्या घरातलं पहिलं मत," म्हणत तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात, शाळेच्या जिममधल्या मतदान केंद्रापर्यंत मला ड्राइव्ह करून नेलंत. "घाई नको. नाव नीट वाच, मगच मशीनचा लिव्हर ओढ." मी पडद्याआड गेले, तुम्ही दाराबाहेर थांबलात. कोणाला दिलं, हे विचारलंसुद्धा नाहीत.

तो पडला. दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. "थोडक्यात गेलं गं," म्हणालात, आणि उलट माझीच समजूत काढलीत.

मी त्याच्या विरोधात मत दिलं होतं, बाबा. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्यापुढे तुम्हाला आम्ही दिसायचोच नाही. हे पत्र आता कुठे पाठवू? आणि खरं सांगते, तुम्ही असतात तरी पाठवायची हिंमत झाली नसती.