आजोबांच्या घोरण्याची साक्ष

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

कोर्टाच्या एका जुन्या निकालाच्या नकलेची खरी किंमत: अकोल्याच्या तीन चकरा, दोन दिवस बंद मोटर-दुरुस्तीचं दुकान अन् एक तुटलेली चप्पल.

उद्या बडनेऱ्याचे पाहुणे पोरीचं लग्न पक्कं करायला येणार. त्यांना कुणीतरी सांगितलं की माझ्या आज्यानं बाळापुरात पाटलाचा खून केला होता. मी फोनवर छाती ठोकून म्हणालो, "त्या दुपारी आजा घरी घोरत होता. मी ह्या कानानं ऐकलं! नुसत्या आवाजावरून मोटरचं बेअरिंग ओळखतो मी, घोरणं ओळखायला चुकीन का?"

तरी कागद हाती असावा म्हणून नक्कल काढली. मग अकोल्याहून उलटा बाळापूरला गेलो. खुनाच्या वेळी लहान पोरं होते ते दोन्ही साक्षीदार अजून जिवंत आहेत. शेषरावबुवा म्हणाले, "कुऱ्हाड होती लेका, म्या पायली." नामदेवबुवा उसळले, "काय पायलं बे? इळा होता! तू त झाडावर चिचा खाऊन राहिला होता."

"मंग तुले इळा कुठून दिसला?"

"मी खाली चिचा वेचून राहिलो होतो!"

कोर्टातही हेच भांडले, अन् म्हणूनच आजा निर्दोष सुटला. नकलेत ते वाचून जीव भांड्यात पडला. पोरीचं जमणार.

मग नकलेतली खुनाची तारीख पाहिली. नक्कल तर दाखवावीच लागणार. घोरणं मी ऐकलंय, अजूनही कानात आहे. पण कोणत्या दुपारचं?

खून झाला त्या वर्षी माझ्या बापाचं लग्नही झालं नव्हतं.