वाऱ्याचा चुडा

प्रिय अक्का,

रविवारी सावद्याच्या विहीणबाई आल्या आणि पडवीत टांगलेला तुमचा चुडा त्यांनी मागितला. "तुमच्या हातचा आहे म्हणून हवा," असं मला म्हणाल्या. मला खरं सांगणं भाग पडलं. पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगून समाधान होईना, म्हणून हे पत्र.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मीच तर पाटी घेऊन बसले होते शिकवायला! ग म भ झालं आणि तुम्ही पाटी माझ्याकडे सरकवलीत. "तू वाच, मास्तरीनबाई. मी ऐकस." तेव्हा हे लिहून झालं की पडवीत उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे. धुळ्याच्या लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा पुण्याच्या कॉलेजातून बी. ए. झाले होते. ट्रंकेत साड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. सगळं गाव मला बघायला आलं आणि लांबूनच बघून गेलं. जवळ आलात त्या फक्त तुम्ही. तुमच्या भावापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या नणंदबाई, पांढऱ्या लुगड्यातल्या, रिकाम्या हातांच्या. तुम्ही माझ्या खिडकीत काहीतरी टांगलंत. जुन्या चाळणीचं गोल कडं, त्याला दोऱ्यांनी लोंबणारे काचेच्या बांगड्यांचे तुकडे, लाल, हिरवे, पिवळे, आणि मध्ये रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं कापलेलं एक पान. वाऱ्यानं पान हललं, की सगळे तुकडे एकमेकांना लागून किणकिणायचे.

"हे काय?" मी विचारलं.

"वाराना चुडा," तुम्ही म्हणालात. "त्याले बी हौस ऱ्हास ना!"

मी दुसऱ्याच दिवशी तो काढून ठेवला. वाचताना त्रास होतो म्हणून! तुम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा टांगलात. असं किती दिवस चाललं? शेवटी मला त्याची इतकी सवय झाली, की वारा पडला म्हणजे वाचनातून लक्ष उडायचं.

ते तुकडे कुठून आले, हे मला सासूबाईंनी सांगितलं. कासार दारात बसला, की घरातल्या साऱ्या जणी हात पुढे करायच्या, आणि तुम्ही मागे उभ्या राहायच्या. भरताना एखादी बांगडी तडकायची. सगळ्या उठून गेल्या, की ओट्यावरचे तुकडे तुम्ही पदरात गोळा करायच्या. ज्या बाईला बांगडी घालायची मनाई, तिच्या पदरात सगळ्या गल्लीच्या बांगड्या!

आणि पानाशेजारी अगदी मध्ये असलेला तो हिरवा तुकडा? तो तुमच्या स्वतःच्या चुड्याचा. भडगावला तुमचे यजमान गेले, तेव्हा गिरणेच्या काठावर बायकांनी तुमचे हात दगडावर धरले. त्यातला एक तुकडा तुम्ही मुठीत दाबून माहेरी आणलात. आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली असं म्हणतात. मी एकदा रागानं म्हटलं होतं, की हा शब्द म्हणजे शुद्ध ढोंग आहे. तुम्ही चुड्याकडे बोट दाखवून हसलात. "मन्या बांगड्या वाढन्यात ना? मंग देख, कितल्या वाढन्यात!"

बी. ए.च्या परीक्षेत मला व्याकरणाला पहिला नंबर होता. या वाक्याला मात्र पूर्ण गुण तुम्हाला.

पण तुमचा पहिला चुडा फसला होता, हे विसरू नका हं! दोऱ्यात काच धरून राहावी म्हणून तुम्ही टोकांना लाख लावली होती. आपल्या खानदेशच्या वैशाखात लाख! एका दुपारी तुमचे भाऊ खिडकीपाशी जेवायला बसले आणि एक तुकडा टुपकन कढीत पडला.

"अक्का, आज फोडणीला काच का?"

"फेकू नको!" तुम्ही चुलीपासून ओरडलात. "मले दे!"

भावाच्या घशाची काळजी राहिली बाजूलाच! दुसऱ्या दिवशी तुम्ही पदरात तुकडे बांधून सोनाराकडे गेलात आणि मलाही बरोबर ओढून नेलंत. तो हात जोडून म्हणाला, "अक्का, सोनं आणा. काच काय आणता?" तुम्ही म्हणालात, "सोनं वारामा वाजस का रे भाऊ?" तो इतका हसला, की त्याची फुंकणी खाली पडली. पण त्यानंच फुंकणीच्या जाळावर टोकं मऊ करून त्यांना बारीक बारीक कड्या वळून दिल्या, आणि पुढे तुम्हालाही ते शिकवलं. त्याच्या दुकानात लागला तो तुमचा दुसरा चुडा; पहिला दुरुस्त होऊन आपल्या पडवीत आला.

मग काय, सुरूच झालं. बारशाला चुडा, घरभरणीला चुडा, लग्नात चुडा. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं, पण तुम्हाला दुःख कशाचं? डब्याचा पत्रा मिळत नाही याचं! एरंडोलच्या लग्नात दिलेला चुडा माकडानं पळवला. ते आंब्याच्या शेंड्यावर बसून तो हलवीत होतं आणि सारं वऱ्हाड खाली माना वर करून उभं. नवरदेवसुद्धा. इकडे मुहूर्त टळत होता. मी ही हकीकत घरी येऊन सांगितली तेव्हा तुम्ही डोळ्यांना पदर लावून हसलात. "माकडले बी चुडानी हौस!"

घरी येऊन सांगितली, कारण तुम्ही त्या लग्नात नव्हता. कोणत्याच लग्नात नव्हता.

इथे माझी तक्रार आहे, अक्का, आणि ती मी करणार. वस्तू तुमची आणि नाव माझं, हा कायदा कोणी केला? तुम्हीच केलात. पहिल्यांदा द्यायच्या वेळी मी म्हटलं, "तुम्ही चला, तुमच्या हातानं द्या." तुम्ही मान हलवलीत. "विधवाना हातनं, त्यात ह्या वाढेल बांगड्या! कोन घेई? हात मना, नाव तुनं." मी भांडले. तुम्ही म्हणालात, नाव सांगितलंस तर पुन्हा करणार नाही. आणि मला तर ते हवे होते! मग मी गप्प बसले. शाळेत माझ्या चपलांचा आवाज आला, की मुली गप्प होतात. त्या मला तुम्ही गप्प केलंत.

बरं, त्याचा त्रास कोणाला? मला! माझ्या हाताला साधी टीप घालता येत नाही आणि गावभर बोलबाला, की मास्तरीणबाईंच्या हातात कला आहे. एकदा पाच-सहा बायका शिकायलाच आल्या. "बाई, दाखवा ना करून." मी दोरा घेतला. तो चाळणीच्या कड्याला लागला, माझ्या चष्म्याला लागला, माझ्याच बोटाला गुंडाळला गेला. आतून तुम्ही ओरडलात, "मास्तरीनबाईना हात आज दुखस!" आणि मग तुमचा तो खोकला. हसू दाबण्याचा.

कोणी चुड्याची स्तुती केली, की मी मख्ख चेहऱ्यानं "हं" म्हणायची आणि आतून तुमचा खोकला यायचा. तुमचा तो एवढाच मान होता आणि तुम्हाला तो पुरत होता. मला पुरत नव्हता. पण त्या खोकल्यामुळे खोटंसुद्धा आपल्या दोघींचा खेळ वाटायचं.

आता रविवारचं ऐका.

विहीणबाई आल्या त्या लग्नाची बोलणी पुरी करायला. सुमनचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. मुलगा चांगला आहे, अबोल आहे; आपल्या पोरीला तसाच हवा. विहीणबाई पडवीत टेकल्या आणि वर बघू लागल्या.

"हे काय वाजू राह्यलं, विहीणबाई?"

मी सांगितलं, वाऱ्याचा चुडा.

"अगंबाई! आमच्या घरामागं केळीची बाग. दिवसभर नुसती पानांची फडफड. त्यात हे किणकिणलं म्हणजे!" मग म्हणाल्या, "तुमच्या हातचा आहे म्हणून हवा. मांडवाच्या दारात लावू."

मी "हं" म्हटलं आणि थांबले. सवयीनं. कशासाठी थांबले ते तुम्हाला कळलंच असेल. आतून खोकला आला नाही.

चैत्रात तुम्ही गेलात तेव्हा घर रिकामं वाटलं, पण खरं रिकामं मला त्या क्षणी वाटलं. खेळातली एक जण निघून गेली होती. आता उरलं होतं ते नुसतं खोटं. ते मला एकटीला करता येईना.

"विहीणबाई," मी म्हटलं, "माझ्या हातचा नाही. मला येत नाही. माझ्या नणंदबाईंनी केलाय. त्या लहानपणीच विधवा झाल्या. बांगड्या वाढलेल्या आहेत, आणि हा मधला हिरवा तुकडा त्यांच्या स्वतःच्या चुड्याचा आहे. हे ऐकून हवा असेल तर न्या."

तुमच्या भावांनी चहाचा कप खाली ठेवला तो बशीबाहेर. सुमन दारातच उभी राहिली. खरं सांगते अक्का, मी घाबरले. होय, मी! पोरीचं ठरलेलं लग्न, आणि मी मांडवाच्या गोष्टीत विधवेचा चुडा काढून बसले. मोडलं तर काय तोंड दाखवणार होते तिला? पण शब्द परत घ्यावा असंही वाटेना.

विहीणबाईंनी पाणी मागितलं. सावकाश प्यायल्या. पुन्हा वर बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला नाही येत?"

"नाही."

"मग झालंच की! मी म्हणत होते, सून आली की तिच्याकडनं चार-पाच करून घेऊ. आईची कला पोरीत असंल."

"मला येतो," सुमन दारातून म्हणाली. "आत्यानं शिकवलाय."

मला हे माहीतच नव्हतं! कधी शिकवलात? मी शाळेत असताना? दोघींनी मला पत्ता लागू दिला नाही. तिनं तिथेच फळीवरची तुमची डबी काढून कड्या वळलेले तुकडे विहीणबाईंच्या मांडीवर ओतले आणि दोरा कसा ओवायचा ते दाखवू लागली. तुमच्यासारखीच जीभ दाताखाली धरून. सासू आणि सून डोक्याला डोकं लावून बसल्या, आणि मी, मुलीची आई, कप उचलत फिरतेय!

मग विहीणबाईंनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

अक्का, मला क्षणभर आठवेना. रागावू नका! सगळ्या जन्मात तुम्हाला अक्काखेरीज कोणी हाकच मारली नव्हती. तुमचे भाऊ म्हणाले, "द्वारका." आणि लगेच उठून बाहेर गेले.

"द्वारकाबाई," विहीणबाई म्हणाल्या. उठल्या आणि बोटानं तो हिरवा तुकडा हलवत राहिल्या. "मांडवात नको लावायला. माझ्या सासूबाई आहेत अजून, त्या बोलतील, सणाच्या दिवशी वाद कशाला! माझ्या सैपाकघराच्या खिडकीत लावते. बाग तिथनंच दिसते. कोणी विचारलं तर द्वारकाबाईंनी केला म्हणून सांगेन."

मांडवात नको म्हणाल्या, हे मला टोचलं. मी तोंड उघडणार होते. मग वाटलं, तुम्ही काय म्हणाला असता? एकदा मी असंच तावातावानं बोलत होते, अमक्याला कळलं तर काय, तमकीनं घेतला नाही तर काय, तेव्हा तुम्ही चुड्यावर फुंकर मारलीत आणि म्हणालात, "वाराले काय समजस, बांगडी कोनी शे ते?" बांगडी सवाष्णीची की विधवेची, वाऱ्याला सगळी सारखीच. मी तोंड मिटलं. मांडव दोन दिवसांचा असतो. सैपाकघराची खिडकी जन्मभराची. आणि सुमन त्याच खिडकीपाशी पोळ्या लाटणार आहे.

हिरवा तुकडा काढून ठेवावा, असं एकदा मनात आलं होतं. आपल्या घरी असावा म्हणून. काढला नाही. भडगावहून मुठीत लपवून आणलेला तुकडा आता गिरणा ओलांडून उघड्यावर चाललाय, गाणं म्हणत. त्याला मी अडवणारी कोण?

आता पडवीतला खिळा रिकामा आहे. वारा येतो, घुटमळतो आणि जातो. म्हणून एक वचन देते. लग्नाआधी सुमनकडून मी हे शिकणार आहे. दोरा चष्म्यात अडकला तरी चालेल. पहिला चुडा वाकडा होईल, तो या खिळ्याला लागेल. पुढचे सरळ झाले तर लोकांना देईन, आणि प्रत्येक देताना सांगेन, की ही रीत द्वारकाबाईंची. तुम्हाला आवडो न आवडो. आतापर्यंत तुमचा कायदा चालला, आता माझा चालेल.

तुमची रागीट आणि बोटांनी अडाणी भावजय,
मास्तरीणबाई

ता. क. नोंद असावी म्हणून लिहिते. आज सकाळी सावद्याच्या माणसाबरोबर पाठवला: वाऱ्याचा चुडा एक, चाळणीचं कडं, पत्र्याचं पान आणि मधला हिरवा तुकडा यांसह, कापसात गुंडाळून. देणार द्वारकाबाई. मी फक्त गाठ मारली, आणि तीही नीट बसली नाही.