माझ्या गाडीचे बॉनेट उघडू नये

मी, रेणुका प्रज्वल पडघान, माहेरची रेणुका कारभारी सुरोशे, वय अठ्ठावीस, सध्या मुक्काम वडिलांच्या घरी, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दसऱ्यानंतर लिहिलेले माझे मृत्युपत्र यामुळे रद्द समजावे.

आधी त्यातली चूक दुरुस्त करते. माझी आई वंदना मी लहान असताना चिखलीच्या दवाखान्यात बाळंतपणात वारली, असे मी त्यात लिहिले होते. ते खरे नाही. बाबांनी मला तसे सांगितले होते आणि मी तसेच लिहिले. मागच्या आठवड्यात दुपटी शिवताना तानुआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, बोलून गेली, "दवाखान्यात काहाची गेली वो माय. रस्त्यातच गेली, जीपमंधी, माह्या मांडीवर."

बाबा आईला दवाखान्यात नेत असताना चिखलीच्या अलीकडे जीपचा फॅन बेल्ट तुटला आणि इंजिन तापून बंद पडले. बाबांनी आईच्या साडीचा काठ फाडून बेल्टच्या जागी पुलीवर बांधला. तो थोडे अंतर चालला आणि तुटला. दुसरा काठ फाडेपर्यंत आई गेली. पोटातले बाळही गेले.

या वयात मृत्युपत्र कशाला, असे माझे पती प्रज्वल विचारतात. माझी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आहे. कळा सुरू झाल्या तर रक्त थांबणार नाही, म्हणून कळांची वाट न पाहता ऑपरेशन करायचे, असे बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. गुरुवारी भरती, शुक्रवारी ऑपरेशन.

१. माझ्या नावावर एक जुनी लहान गाडी आहे. चिखलीच्या एका गुरुजींकडून मी शाळेच्या पगारातून घेतली. तिचे प्लग, ब्रेकचे लायनर, क्लचची केबल, वायपर मी स्वतः बदलले आहेत. डाव्या मागच्या दाराचे हँडल राहिले आहे, ते दार आतून उघडत नाही. गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला हे आधी सांगावे.

आधीच्या मृत्युपत्रात ही गाडी मी बाबांना दिली होती. आता ती प्रज्वल यांना देते. त्यांनी ती लगेच खामगावला आपल्या घरी न्यावी, बाबांच्या अंगणात ठेवू नये. कारण लिहिते. मी माहेरी आल्यापासून बाबा रोज बॉनेट उघडतात. परवा मी विचारले, "बाबा, बेल्ट तं म्याच बदलला पोळ्याले. काऊन काढून राह्यले?"

"पाहू दे. नवाबी तुटते."

"बाबा, मले आत्यानं सांगतलं."

त्यांनी बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला. मग म्हणाले, "एक बेल्ट संगं असता तं..." आणि पुढे, "दहाचा पाना दे."

म्हणून ही माझी स्पष्ट सूचना आहे. मी रस्त्यात गेले, दवाखान्यात गेले, कशीही गेले, तरी बाबांना या गाडीचे बॉनेट उघडू देऊ नये. ते त्यात माझ्या मरणाचे कारण शोधतील. ते सापडणार नाही, आणि ते शोधतच राहतील. कारण माझ्या शरीरात आहे. त्यात बाबांचा दोष नाही, गाडीचा नाही, बाळाचाही नाही.

२. माझे पाने, जॅक आणि प्लग-पाना माझ्या बाळाला, मुलगा असो की मुलगी. दहा, बारा, चौदा हे आकडे मला शाळेच्या आधी पान्यांवरून आले. बाबांनी पहिल्यांदा बेल्टच लावायला शिकवला. मी कंटाळून म्हणायची, "आता दुसरं काही शिकवा ना." ते म्हणायचे, "डोये झाकून लावून दाखव, मंग." मला तो खेळ वाटायचा. माझ्या बाळालाही बाबांनीच शिकवावे, पण बेल्टपासून सुरुवात करू नये. दिव्याच्या बल्बपासून करावी. बल्ब लागला की पोरांना हसू येते.

३. बँकेतली ठेव बाळाच्या नावे. बाळ न राहिल्यास काय, हेही लिहावे लागते. ते वाक्य मी दोनदा लिहून खोडले. खाडाखोड माझीच आहे, बाजूला सही केली आहे. बाळ न राहिल्यास ठेव आणि पाने प्रज्वल यांना.

४. कानातली फुले तानुआत्याला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणूनच ती या कागदावर साक्षीदार नाही. त्यावरून ती रुसली आहे.

५. प्रज्वल यांचे मामा हिंमतराव यांना काडेपेटीत ठेवलेला जळका फ्यूज. आमच्या लग्नाच्या वरातीत त्यांची गाडी बंद पडली, तेव्हा नवरीच्या शालूत मी तो बदलला. "कोण्या मेकॅनिकनं केलं?" असे लोकांनी विचारल्यावर मामा म्हणाले, "म्याच केलं, काय अवघड हाय त्यात बे!" तो फ्यूज त्यांनी जपून ठेवावा.

६. सासूबाई अन्नपूर्णाबाई यांनी माझ्या गळ्यात घातलेली सोन्याची एकदाणी त्यांची त्यांना परत. पंगतीत त्या मला "गॅरेजवाली सून" म्हणाल्या, ते मी विसरलेले नाही. पण डोहाळजेवणाच्या सकाळी माझ्या नखांतले ग्रीस बायका यायच्या आत त्यांनीच लिंबाने घासून काढले. तेही लिहिणे भाग आहे.

काल त्यांचा फोन आला. "आमुशाले घराभाहेर पाय टाकू नको वो बाई. डॉक्टरले सोमवार माग."

"आई, कळा काही सोमवारची वाट पाह्यत नाहीत."

"चार दिवसानं काय होते? माह्याबी मनाले घोर हाय वो."

त्या रडत होत्या. फोन ठेवल्यावर बाबाही म्हणाले, "सोमवार बरा. तंवर मी गाडी आणखीन एकडाव पाहून घेतो." दोघेही माझ्या भल्याचेच बोलतात. तरी मी त्यांचे ऐकणार नाही. या कारणाने पुढे दोघांनी एकमेकांना बोल लावू नये. निर्णय माझा आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार: रुपाली गोविंदा म्हस्के, शेजारी
साक्षीदार: सारिका दीपक इंगळे, गावच्या आशाताई

सही: रेणुका प्रज्वल पडघान
ठिकाण: वडिलांचे घर, तालुका चिखली
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

दवाखान्यात जाण्याचा दिवस: गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५. दुपारपर्यंत अमावास्या आहे हे मला माहीत आहे. मी सकाळीच निघणार आहे.