बाबांची उंच कॉलर

प्रिय धाकटोबा,

फोनवर तू घाईत असतोस आणि बाबा माझ्या पाठीमागे घुटमळत असतात, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचल्याशिवाय फोन करू नकोस.

बाबांच्या गालातली कॅन्सरची जखम खरंच कमी झालीय. रोज सकाळी ते आरशासमोर तोंड उघडतात आणि मी बॅटरी धरते. आधी पाणीसुद्धा झोंबायचं, आता दुधात ब्रेड कुस्करून खातात. दुकानात माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, की हे औषध माझ्या मुलाचं. मी म्हटलं, बाबा, तो प्रयोगशाळेत त्या औषधाचा अभ्यास करतो, त्यानं ते बनवलेलं नाही. तर म्हणाले, कापड मी तरी कुठे विणतो, पण शर्ट माझाच ना?

एवढं सगळं चांगलं चाललं होतं, तरी माझ्या मनात पाल चुकचुकत होती. तपासणीची तारीख सारखी पुढे जात होती. डॉक्टरबाई रजेवर आहेत, असं बाबा सांगायचे. मला बाईंचाच राग आला. इतक्या कसल्या रजा घेतात, आपल्यापासून काही लपवत तर नाहीत?

मग बाबांनी स्वतःसाठी शर्ट शिवला. आयुष्यभर वरचं बटण उघडं टाकून, गळ्यात टेप अडकवून वावरलेला माणूस. गिऱ्हाइकानं उंच कॉलर मागितली की त्याच्या माघारी चेष्टा करायचा. आणि आता स्वतःला उंच, आत बकरमचं दुहेरी कडक अस्तर घातलेली कॉलर! काजं-बटणं माझ्याकडे असतात हे ते विसरले असावेत. बटणं लावताना मी तो जुन्या शर्टावर ठेवून पाहिला. छाती, खांदे, बाह्या, सगळं आत घेतलेलं, कारण ते केवढे वाळलेत. गळा मात्र सैल केलेला. वाळलेल्या माणसाचा गळा कशाला वाढेल रे?

दुपारी ते मशीनवर डोकं टेकून झोपले तेव्हा कॉलर जरा बाजूला केली. जबड्याखाली, डाव्या अंगाला, गाठ आहे. हात लावायचा धीर झाला नाही.

मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई एक दिवसही रजेवर नव्हत्या. तारखा बाबांनीच रद्द केल्या होत्या. गोळ्यांनी जखम लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं म्हणे. बाबांनी मला यातलं फक्त पहिलं सांगितलं. बाई म्हणाल्या, तोंडातली जखम लहान होणं आणि रोग पसरायचा थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान तपासल्याशिवाय त्या काहीच बोलायला तयार नाहीत.

खरं सांगू? मग मला तुझाही संशय आला. संध्याकाळी बाबा दार लोटून घेतात, तेव्हा फोनवर तुम्ही दोघं काय बोलता? बाबा सांगतात, त्याच्या प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी औषध घातलं की जागच्या हलत नाहीत, मग ऑपरेशन कशाला? तू असं बोललास, की त्यांनी तेवढंच ऐकलं, हे मला माहीत नाही.

काल मी सरळ गाठीबद्दल विचारलं. बराच वेळ ते कात्री पुसत राहिले. मग म्हणाले, "त्याला कळवू नकोस. पोराचं औषध माझ्यावर चाललं नाही, असं व्हायला नको."

गुरुवारची वेळ मी घेतली आहे. काहीतरी थाप मारून त्यांना तिथपर्यंत नेईन, पण ऑपरेशनच्या कागदावर सही करायला त्यांचा हात धरता येणार नाही. त्यांना ना माझं पटतं, ना बाईंचं. म्हणून तू ये. समोर बसून त्यांना सांग, की बशीत जे थांबलं ते माणसातही थांबेल असं तू कधीच म्हणाला नव्हतास. आणि म्हणाला असशील, तर तेही सांग.

अजून तुझ्याच बाजूची,
ताई