जिन्याखालची येझदी आणि इतर मिळकत

मी, श्रीमती दमयंती बाबुराव राऊळ, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त कारकून, राहणार लालबाग, मुंबई, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की,

माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, दडपण आणलेले नाही, आणि सकाळचा चहा सोडला तर मी कशाच्याही अमलाखाली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आताही केले नसते, पण आमची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे आणि त्यासाठी कागद लागतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी सुरुची वकील आहे. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या नावावर जे जे आहे ते सगळं आधी एका कागदावर लिहून काढा." मी लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता माझ्या संतापाचा पारा चढला. का चढला ते कलम पाचमध्ये सविस्तर येईल.

कलम १. राहती खोली आणि तिच्या बदल्यात मिळणारी नवी जागा माझा मुलगा वैभव यास द्यावी. नव्या इमारतीत जिन्याखाली काही ठेवता येणार नाही म्हणतात, पण गाडी लावायला एक खण मिळणार आहे. तो खण वैभवचा नाही. तो माझी नात, म्हणजे वैभवची मुलगी श्रेया, हिचा. वैभवकडे मोटार आहे, ती वर्षातून एकदा गणपतीत गावी जाते आणि बाकी वर्षभर तिच्यावर कावळे बसतात. ती कुठे लावायची ते त्याने बघावे.

कलम २. बँकेतली ठेव वैभव आणि माझी सून दर्शना यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. पाटल्या आणि मोहनमाळ एकट्या दर्शनाची. वैभवने त्यांचा भाव विचारू नये.

कलम ३. माझे पितळेचे पुरणयंत्र शेजारच्या कमळाबाईंना द्यावे. ते त्यांच्याकडेच आहे. होळीला नेले होते, कुठल्या होळीला ते आता दोघींनाही आठवत नाही. ते मी त्यांना बक्षीस देत आहे, म्हणजे यापुढे माझ्याच यंत्रातून काढलेल्या पुरणाची पोळी मला देताना "घरचं यंत्र आहे हो" असे त्यांना खरेपणाने म्हणता येईल.

कलम ४. माझे यजमान कै. बाबुराव गिरगावात मोटारीच्या स्पेअरपार्टच्या दुकानात कामाला होते. त्यांची पान्यांची लोखंडी पेटी माळ्यावर आहे, ती श्रेयाला द्यावी. तिच्यातला चौदा नंबरचा पाना लवूभावजींकडे आहे. तो त्यांनी आणून पेटीत ठेवावा. मी बारा वेळा मागितला आहे.

कलम ५. आता मुख्य मिळकत.

माझ्या नावावर एक येझदी मोटरसायकल आहे. एकोणीसशे एक्याण्णव साली ती यांना हवी होती, पण दुकानातल्या पगारावर कर्ज मिळेना. माझ्या कचेरीच्या पतपेढीतून मिळाले. पतपेढीचा नियम असा की कर्ज ज्याचे, गाडी त्याच्या नावावर. हप्ते माझ्या पगारातून गेले, पुस्तकावर माझे नाव लागले, आणि हँडल यांच्या हातात राहिले. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. रविवारी हे मला मागे बसवून शिवडीपर्यंत, कधी वरळीला फिरवून आणत. साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून मी बसायचे.

यांनी आणि यांच्या दोस्तांनी मिळून एक टू-स्ट्रोक मित्रमंडळ काढले. त्यातले दोघे सांगण्यासारखे. एक लवू परब, परळचे, मूळ कणकवलीकडचे. दुसरे हरेश्वर तांडेल, वरळी कोळीवाड्यातले. दोघेही मला वैनी म्हणतात आणि मी त्यांना भावजी म्हणते. मंडळाचे दोन नियम यांनी घालून दिले होते. पहिला, गाडी मंडळाबाहेर विकायची नाही. दुसरा असा की, विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या मागे बसायचे, लालबागहून हिंदमातापर्यंत जाऊन परत यायचे, आणि दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवायचे. वाटेत घाबरून हात घेणाऱ्याच्या खांद्यावर गेला, तर त्याला गाडी चालवता येत नाही असे समजून सौदा मोडायचा. हात जागेवर राहिला, तर नारळ फोडायचा.

पुढे यांचे गुडघे गेले. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात आणि ती किक उलटी बसली की माणूस आठवडाभर लंगडतो. म्हणून यांनी गाडी लवूभावजींना विकली. यांचा हात मांडीवरच राहिला होता. लवूभावजी दोन फॉर्म घेऊन घरी आले आणि म्हणाले, "वैनी, फकत एक सही व्हयी होती." मी चहा दिला, सही केली. पुढे लवूभावजींना घर दुरुस्तीला पैसे लागले, त्यांनी गाडी हरेश्वरभावजींना विकली. पुन्हा फॉर्म, पुन्हा चहा, पुन्हा माझी सही. मग हरेश्वरभावजींच्या मुलीचे लग्न निघाले, गाडी परत लवूभावजींकडे. मग दोघांचे भांडण झाले आणि रागाच्या भरात ती परत हरेश्वरभावजींकडे गेली. वीस वर्षे हे दोघे एकच गाडी एकमेकांना विकत आहेत.

आणि गाडी कुठे आहे? आमच्या जिन्याखाली. परळला लवूभावजींकडे जागा नाही. कोळीवाड्यात खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. म्हणून "वैनी, ऱ्हाऊ द्या हितंच." किल्ली माझ्या दाराच्या खुंटीला. गाडीवर टाकलेली चादर माझी. धूळ पुसते ती मी.

तर सुरुचीने मला विचारले, "मावशी, मोबाइलवर कुठल्या गाडीचं काही येतं का?" येते ना. माटुंग्याला हेल्मेट नसल्याचे चलन आले, त्यातल्या फोटोत पाठमोरे टक्कल आहे आणि ते हरेश्वरभावजींचे आहे हे आमची अख्खी चाळ सांगेल. एकदा तर दारात हवालदार आले. मी कुकर लावत होते. ते म्हणाले, "दमयंती राऊळ कोण? सिग्नल तोडून पळालेत." मी म्हटले, मीच. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांना पाणी दिले. सुरुचीने चौकशी केली तेव्हा कळले की इतक्या सह्या करून घेतल्या, पण एकही फॉर्म या दोघांनी ताडदेवच्या आरटीओत नेऊन दिलेला नाही. कशेडीचा घाट चढून जाणारी ही माणसे, त्यांना वीस वर्षांत ताडदेव गाठता आले नाही. गाडी आजही माझ्याच नावावर आहे. मुदत संपल्यावर नव्याने पासिंग करायलाही मलाच रांगेत उभे केले होते, तेव्हा "नुसती सही" म्हणाले होते.

इथपर्यंत मी हसून सोडून दिले असते. पुढचे सोडणार नाही.

श्रेया लोअर परळला नोकरी करते आणि कॉलेजपासून मोटरसायकल चालवते. दर रविवारी ती या दोघांबरोबर जिन्याखाली बसते. प्लग तीच साफ करते, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे ते तिलाच विचारतात. आता या दोघांचेही गुडघे गेले. दिवाळीच्या आधी हरेश्वरभावजी म्हणाले की गाडी विकायची आहे. श्रेया म्हणाली, मी घेते, तुम्ही मागच्या वेळी दिलीत तीच किंमत देते, चला हिंदमाताला. हरेश्वरभावजी उठले नाहीत. मला म्हणाले, "वैनी, पोरीच्या मागं बसून मी लालबागमधनं जाऊ? नाक्यावरची पोरं काय बोलतील?"

लवूभावजी म्हणाले, "आनि तिचा लगीन झाला काय गाडी खंय जातली?"

मी म्हटले, "तुमची लग्नं होऊन चाळीस वर्षं झाली. गाडी कुठे गेली?"

श्रेया रडली नाही. तिने हात पुसले आणि वर आली. दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी ती खाली जाऊन चादर नीट करून आली. मला ते बघवले नाही.

मग गिऱ्हाईक मिळाले, कल्पेश. गेल्या वर्षी मंडळात आला, म्हणजे जाकीट आधी आले आणि मागून तो आला. गाडी मंडळातच राहते, असे हे दोघे सांगतात. कल्पेश जुन्या गिरणीच्या आवारात हॉटेल काढतो आहे आणि तिथे भिंतीवर ही येझदी टांगणार आहे. चाके हवेत, सायलेन्सरमध्ये दिवे. हरेश्वरभावजी नियमाप्रमाणे त्याच्या मागे बसले. परळ येईपर्यंत गाडी तीनदा बंद पडली, आणि हिंदमाताला पोचले तेव्हा हरेश्वरभावजींनी खांदा सोडाच, त्याची कंबर धरली होती. हे खुद्द लवूभावजींनी मला हसत हसत सांगितले. तरी नारळ फुटला.

मला राग आहे, आणि तो कशाचा ते स्पष्ट लिहिते. चौतीस वर्षे गाडी माझ्या नावावर आहे. यांच्यासकट एकाही माणसाने कधी मला विचारले नाही की, दमयंती, विकू का? वैनी, विकू का? विचारले ते एवढेच, की पेन आहे का.

म्हणून मागच्या रविवारी हे दोघे कल्पेशबरोबर त्याची भिंत बघायला गेले, तेव्हा मी खुंटीवरची किल्ली काढली. दर्शनाचा पंजाबी ड्रेस घातला. नियम म्हणतो विकणाऱ्याने मागे बसायचे. मालकीण मी, तेव्हा बसायचे मीच. जन्मात पहिल्यांदा दोन्ही बाजूंना पाय टाकून श्रेयाच्या मागे बसले. दोघींनी हेल्मेट घातले होते, नाहीतर चलन मलाच आले असते. श्रेयाने दुसऱ्या किकला गाडी चालू केली. लालबागहून हिंदमातापर्यंत, पुलाखालचे सगळे खड्डे धरून, माझे हात मांडीवर होते. परत येताना लालबागच्या नाक्यावर मी हात तिच्या खांद्यावर ठेवला, पण तो भीतीने नव्हे, आणि तोवर सौदा झाला होता. नारळ घरात होता तो फोडला. त्याची चटणी केली.

सबब, सदर येझदी मोटरसायकल माझ्या पश्चात श्रेया वैभव राऊळ हिने घ्यावी आणि चालवावी. ती भिंतीवर टांगू नये. हरेश्वरभावजींना त्यांची किंमत श्रेया आजही द्यायला तयार आहे, ती त्यांनी घ्यावी आणि कल्पेशचा विसार परत करावा. माझ्या हयातीत गाडी माझ्याच नावावर राहील, कारण मला अजून काही रविवार मागे बसायचे आहे. शिवडीला आता फ्लेमिंगो बघायला माणसे जातात म्हणे. पूर्वी आम्ही दोघेच असायचो.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दर्शनाने करावी. सही करण्याआधी कागद वाचणारे आमच्या घरात तेवढे एकच माणूस आहे.

कलम ७. माझ्या अंत्ययात्रेत मंडळाने मोटरसायकली काढू नयेत. काढायच्याच असतील तर हेल्मेट घालून काढाव्यात.

कलम ८. साक्षीदार म्हणून मी लवूभावजी आणि हरेश्वरभावजी यांनाच बोलावले आहे. त्यांना या कागदान्वये काहीही मिळत नसल्यामुळे ते साक्षीला चालतात, असे सुरुची म्हणते. मला त्यांना फसवायचे नाही. यांच्या आजारपणात रात्रीचे डबे याच दोघांनी पोचवले होते, ते मी विसरलेले नाही. म्हणून त्यांच्या सहीच्या आधी हा कागद त्यांच्या हातात द्यावा. त्यांनी तो वाचला आणि दोघांपैकी एकानेही कलम पाचला हरकत घेतली, तर मी हे मृत्युपत्र फाडीन आणि आम्ही तिघे बसून गाडीचे काय करायचे ते ठरवू. तेव्हाही मला विचारूनच ठरेल. न वाचता सही केली, तर पुढे तक्रार चालणार नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही करून ठेवले आहे.

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार: (सही) दमयंती बाबुराव राऊळ

साक्षीदार:
१. (सही) लवू सखाराम परब, राहणार परळ
२. (सही) हरेश्वर धाकू तांडेल, राहणार वरळी कोळीवाडा

मसुदा करणाऱ्या वकिलांचा शेरा:
लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यानंतर कलम आठप्रमाणे संपूर्ण कागद साक्षीदारांच्या हाती दिला आणि तो वाचावा अशी मी दोनदा विनंती केली. साक्षीदार क्रमांक एक यांनी चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. साक्षीदार क्रमांक दोन म्हणाले, "वैनींचा कागद काय वाचायचा? सही कुठं करू तेवढं दाखवा." दोघांनी सह्या केल्या. सह्या झाल्यावर साक्षीदारांनी मोटरसायकलच्या विक्रीचे दोन फॉर्म खिशातून काढून लिहून ठेवणार यांच्यापुढे ठेवले व पेनही दिले. लिहून ठेवणार यांनी चष्मा लावला, दोन्ही फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, सही न करता परत दिले, आणि चहा टाकायला आत गेल्या.
(सही) सुरुची तांबे, वकील