थेंब मनाने बंद करू नकोस

कबनूर
१४ जून १९९८

ती. आक्का,

सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र आणि आईला पाठवलेलं लुगडं दोन्ही पोचलं. लुगडं तिला आवडलं, पण हे नेसून मी जाणार कुठं असं म्हणत तिनं ते ट्रंकेत ठेवून दिलंय. तू आलीस की तूच काढ.

उत्तराला उशीर झाला याचं कारण माझा उजवा डोळा. गेल्या सोमवारी यंत्रमागाच्या शेडमध्ये दुरुस्ती करताना तो दुखायला लागला. सुताची कुसं गेली असतील म्हणून मी पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना, कपाळ ठणकायला लागलं. शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, डोळे आलेत, चार दिवसांत जातील. चौथ्या दिवशी मला एसटीवरची पाटी वाचता येईना. तेव्हा आईनं माझा हात धरला आणि थेट कोल्हापूर गाठलं.

मंगळवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावून डोळा बराच वेळ बघितला, डोळ्याचा दाब मोजला. डोळे येणं वेगळं, हे वेगळं, डोळ्याच्या आत सूज आलीय, असं त्या म्हणाल्या. मग एकदम सकाळी पाठ आखडते का असं विचारलं. मी म्हणालो, दोन वर्षं आखडते, वाकून काम आहे म्हणून. त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलंय. डोळ्याचा आणि पाठीचा काय संबंध, नर्स आहेस तर ते तूच सांग.

औषधाच्या दोन बाटल्या आहेत. एक दुधासारखी पांढरी, तिचा दर तासाला एक थेंब. दुसरी लाल टोपणाची, डोळ्याची बाहुली मोठी करणारी. आईला वाचता येत नाही, पण टोपणाच्या रंगावरून ती बाटली बरोबर ओळखते. मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं काम सोडून दिवसभर माझ्या उशाशी बसलीय.

डोळा जाणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. तू म्हणालीस तर मला खरं वाटेल. पत्राची वाट बघतो.

तुझा,
अतुल


सिरोंचा
२६ जून १९९८

चि. अतुलला,

आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र काल हातात पडलं. इथला फोन आठवडाभर बंद आहे, नाहीतर तानाबाईंच्या घरी लगेच फोन केला असता. डोळा जाणार नाही. वेळेवर गेलात हे फार चांगलं झालं, आणि ते आईमुळं झालं, तुझ्यामुळं नाही. पाठ आखडण्याचा आणि अशा सुजेचा संबंध असतो, तेव्हा रक्त तपासायला टाळाटाळ करू नकोस.

आता हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. तू धांदरट आहेस, तुझ्यावर माझा भरवसा नाही, तिच्यावर आहे. पांढरी बाटली प्रत्येक वेळी हलवून मग थेंब घालायचा, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि डोळ्यात नुसतं पाणी जातं. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. दोन औषधांत दहा मिनिटं जाऊ द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थेंब मनाने बंद करू नकोस. आठ दिवसांत डोळा पांढरा दिसेल, दुखायचं थांबेल, आणि तुला वाटेल झालं आता. तसं नसतं. ते औषध हळूहळू कमी करत आणावं लागतं, एकदम थांबवलं तर सूज दुप्पट होऊन परत येते. असे रुग्ण मी इथे पाहिलेत. आई, तो नको म्हणाला तरी थेंब चुकवू नकोस.

दर खेपेला डोळ्याचा दाब मोजून घे. या औषधानं काही जणांचा दाब वाढतो आणि वाढताना काही कळत नाही.

बरा झालास की आईनं बघितलेल्या त्या रुकडीच्या मुलीबद्दल लिही. डोळ्याचं कारण आता चालणार नाही.

तुमची आठवण काढणारी,
रूपाली


कबनूर
२० सप्टेंबर १९९८

ती. आक्का,

सविनय जयभीम वि. वि.

आनंदाची बातमी म्हणजे डोळा पूर्ण बरा आहे. दर आठवड्याला थेंब कमी करत आणले आणि ऑगस्टअखेर बंद केले. दाब चारही खेपांना व्यवस्थित निघाला. एकदा मीच कंटाळून थेंब नको म्हणालो होतो, तर आईनं तुझं पत्र माझ्यापुढं धरलं. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते पाठ आहे.

पाठीच्या दुखण्याला गोळ्या आणि व्यायाम दिलाय. डोळ्याचं हे परत उद्भवू शकतं, तसं झालं तर त्याच दिवशी या असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. उरलेली बाटली फेकून द्या म्हणाल्या, उघडल्यावर महिनाभरच वापरायची असते. ती टाकायला आईकडं दिली.

आईचं बरं चाललंय. कांड्या भरताना सुताचे तंतू उडून तिचे डोळे कायम लाल असायचे, खाजायचे, ते हल्ली एकदम स्वच्छ दिसतात. विचारलं तर बरं हाय की आता, एवढंच म्हणते. रुकडीचं जमलं नाही. मुलीला नोकरीवाला हवाय.

माया आहे तशीच ठेव.

अतुल


सिरोंचा
९ ऑक्टोबर १९९८

चि. अतुल,

जयभीम आणि आशीर्वाद.

दसऱ्याला आम्ही चार नर्सबाया दीक्षाभूमीवर जाऊन आलो. एवढ्या गर्दीत आईच्या वयाची बाई दिसली की मी वळून बघत होते. तिला एकदा आणायचंच आहे.

तुझा डोळा वाचला हे पत्र मी वॉर्डातल्या बायकांना वाचून दाखवलं. आईचे डोळे सुधारले हे तर फारच छान. तोंडाला आणि कपाळाला पदर बांधून काम कर म्हणून मी किती वर्षं सांगतेय, शेवटी ऐकलेलं दिसतंय.

मे महिन्यात रजा मागितलीय. रुकडीच्या मुलीचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिला तुझं अक्षर दाखवायला हवं होतं.

आईची लेक आणि तुझी बहीण,
रूपाली


कबनूर
२ जून १९९९

ती. आक्का,

सविनय जयभीम.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. मेमध्ये मलेरियाची साथ आली आणि तुझी रजा गेली, तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तू आली असतीस तर निदान महिनाभर आधी कळलं असतं.

आईला डाव्या डोळ्यानं दिसत नाही.

दोन महिन्यांत ती तीनदा दाराच्या चौकटीला आदळली, प्रत्येक वेळी डाव्या अंगानं. मी म्हणालो, बघून चाल. बल्बभोवती रंगीत कडी दिसते म्हणाली, मी म्हणालो, चष्मा लागला असेल. गेल्या गुरुवारी चौकात डावीकडून आलेला टेम्पो तिला दिसलाच नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि आंधळी हायस काय म्हणून ओरडला. ती घरी आली. मग माझ्यासमोर उजवा डोळा हातानं झाकला आणि म्हणाली, अतुल, तू हायस का न्हाईस ते कळंना.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेलो. डाव्या डोळ्याचा दाब सेहेचाळीस, उजव्याचा बत्तीस. एकवीसच्या आत पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठलं औषध घालता. आईनं कमरेच्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. पांढरी.

आक्का, तिनं माझी उरलेली बाटली टाकली नव्हती. चांगलं औषध कशाला टाकायचं म्हणून खाजणाऱ्या डोळ्यांत घातली आणि दोन दिवसांत डोळे स्वच्छ झाले. संपली की रिकामी बाटली घेऊन औषधाच्या दुकानात जायची, तो तशीच दुसरी द्यायचा. चिठ्ठी एकदाही मागितली नाही. नऊ महिने, दोन्ही डोळ्यांत, दिवसातून चार वेळा. मी त्याच घरात राहतो आणि मला दिसलं नाही. कारण मी कामावर गेलो की घालायची. उगाच पोराला घोर नको म्हणून.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, उलट फार हळू बोलल्या. मधे कधी थांबवलं नाहीत का असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, दोनदा थांबवलं तर डोळे पुन्यांदा लाल झाले, आणि माझी लेक नर्स हाय, तिनंच लिवलंय थेंब मनानं बंद करू नगा. दाबाचंबी लिवलंवतं, म्हणून मी डोळा कधी बोटानं दाबला न्हाय.

ते पत्र तिला मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

पांढरं औषध बंद केलंय. दाब उतरवायचे दुसरे थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ. दाब खाली येईल, पण मागची शीर सुकली तेवढी सुकली, गेलेली नजर येणार नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं शाबूत आहे, कडेचं गेलंय. आईला अजून हे सांगितलेलं नाही. ती विचारते, आता कधी दिसायला लागंल. मी काय सांगू ते कळव.

तुझा,
अतुल


सिरोंचा
१४ जून १९९९

प्रिय अतुल,

जयभीम.

पत्र वाचून मी ड्युटीवर गेले. दुसरं काय करणार. इथे आता दोघीच उरलोय, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. व्हरांड्यातसुद्धा तापाचे पेशंट झोपलेत. अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, बदली माणूस आला की त्याच दिवशी सोडतो. बदली माणूस जुलैत येईल म्हणतात. तोवर मी इथे लोकांच्या आयांना सलाईन लावतेय.

मी ते पत्र कसं लिहिलं होतं हे मला शब्दन् शब्द आठवतंय. बाटली हलवायची लिहिलं, दहा मिनिटं लिहिली, बंद करू नकोस लिहिलं. हे औषध तुझ्या सुजेपुरतं आहे, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात घालायचं नाही, एवढी एक ओळ लिहिली नाही. लिहायची गरज वाटली नाही. वर आईनं ऐकावं म्हणून मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिचे डोळे स्वच्छ झाले हे तू कळवलंस तेव्हा मी नर्स असून कशानं झाले हे विचारलं नाही. पदराचं कौतुक केलं.

तू स्वतःला दोष देऊ नकोस असं लिहायला हवं, पण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, कारण मलाही कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

कामाचं लिहिते. दाबाचे थेंब एकही दिवस चुकता कामा नयेत. तिला पूर्वी दमा होता का हे मला आठवत नाही. लहानपणी तिची छाती घरघरायची असं बाबा सांगायचे, ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल, काही दाबाचे थेंब दम्याला चालत नाहीत. डोळे लाल झाले तर गार पाण्याची घडी ठेव, दुकानातून काही आणू नकोस. तुझ्या डोळ्याचं परत झालं तर लपवू नकोस. त्या दुकानदाराला जाऊन सांग. भांडू नकोस, नुसतं सांग काय झालं ते. उद्या दुसरी बाई रिकामी बाटली घेऊन येईल.

आईला तू काही सांगू नकोस. मी येऊन सांगते. मला सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

रूपाली


कबनूर
२२ ऑगस्ट १९९९

माझी बाय रूपाली हिला आई बायडाबाईचा जयभीम आणि लई लई आशीर्वाद.

अतुल लिवतोय. मी सांगतीया तसंच लिव, सुधारू नगंस म्हणून त्याला बजावलंय.

तू माघारी सुखरूप पोचलीस ते कळलं. परवा दाब मोजला. डावा अठरा, उजवा सोळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाच ठेवा. थेंब अतुल घालतो, कामावरनं दुपारचा येऊन बघून जातो. कांड्यांचं काम सोडलं. धागा तुटल्याला दिसत न्हाय, आन् काम देणारा शेठजीबी नुसता बघत राहतोय, ते मला सोसंना.

अतुल दुकानात गेलता. त्यो माणूस म्हणाला, बाई मागत होत्या म्हणून दिलं. आता चिठ्ठी मागतोय, असं तानाबाई सांगत हुत्या. खरं खोटं मला म्हाईत न्हाय. तानाबाईच्या सुनंचा डोळा लाल झालता, तर मला विचारत आल्या, तुमची ती पांढरी बाटली हाय का. सुनंला घेऊन एसटीत बसले आन् कोल्हापूरला नेलं. तिचं साधंच निघालं. पायरी उतरताना तिनं माझा हात धरला, मी तिचा धरला.

तू चार दिवस ऱ्हायलीस. रोज सांगणार म्हणून जवळ बसायचीस आन् भाजी निवडत दुसरंच बोलायचीस. शेवटच्या दिवशी मीच विचारलं, नजर येणार का. तू म्हणालीस, बघूया. मला तवाच कळलं. तुझ्या बाबांच्या अखेरच्या दुखण्यात दवाखान्यात डाक्टरबी असंच बघूया म्हणाले हुते. तुला वाईट वाटू नये म्हणून मी व्हय व्हय केलं.

तू पत्र अतुलला लिवलंवतंस. मी माझं म्हणून ऐकलं. लेकीचं पत्र आई आपलंच समजती, त्यात तू काय करणार. नोकरी सोडून येतीया असलं काय लिवू नगंस. तिथं पोरंबाळं तापात पडल्यात.

एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. तू जाताना स्टँडवर मला वाटलं तू गेलीस. मी रूपाली, रूपाली म्हणून हाका मारत हुते. माणसं बघाय लागली. तू माझ्या डाव्या बाजूलाच हुतीस. रडत हुतीस, पर आवाज काढंनास, म्हणून मला कळलं न्हाय. नंतर अतुलनं सांगितलं.

आता दिवाळीला येशील तवा शेजारी बसू नगंस. समोर बस. समोरचं मला दिसतंय.

तुझी,
आई
(अंगठा)